पाच जणांचा उपवास, एकीचा स्वयंपाक

भांडुपहून एका ताईंचं पत्र आलं आहे. माहेर वसईचं, घराणं कॅथलिक, लग्नाला अठरा वर्षं झालेली. घरात नवरा, अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई, दहावीतला मुलगा आणि सहावीतली मुलगी. ताई स्वतः एका दवाखान्यात अर्धवेळ कामाला जातात. माहेरी उपवासकाळात अख्खं घर चाळीस दिवस मटण-मच्छी सोडायचं, संध्याकाळी सातला सगळे माळेला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसायचे आणि वाचलेले पैसे डब्यात पडायचे. यंदा राखेच्या बुधवारी, म्हणजे १८ फेब्रुवारीला, त्यांनी आपल्याही घरात असंच होईल असं जाहीर केलं. मटण-चिकन पूर्ण बंद, नवऱ्याच्या आग्रहाखातर मासळी तेवढी चालू. तिसऱ्याच दिवशी बिनसलं. शुक्रवारी माळ सुरू असताना बेल वाजली आणि दारात डिलिव्हरीवाला, मुलाने मागवलेला चिकन रोल घेऊन. सासूबाई रडल्या. मुलगा म्हणाला, "हे सगळं नाटक आहे." रात्री दहाला घरी पोचलेला नवरा म्हणाला, "माझी माळ गाडीत झाली, आता जेवायला वाढ." त्यात सासूबाई इन्सुलिनवर असूनही एकभुक्त राहायचा हट्ट धरून बसल्या आहेत. ताई विचारतात, "घर एकत्र येत नसेल तर उपवासकाळ कसला? सक्ती करू, की मी आपली एकटीच करू?"

ताई,

तुमचा राग समजतो, आणि त्या रागाखालची हौसही समजते. आपल्याला जे चांगलं मिळालं ते मुलांनाही मिळावं, एवढंच तुम्हाला हवं आहे. पण सक्ती की एकटीने, या दोनच वाटा आहेत असं तुम्ही धरून चाललात, तिथेच माझं तुमच्याशी पटत नाही.

ज्यांना या काळाची ओळख नाही अशा वाचकांसाठी आधी चार ओळी. राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस काढतात. ही राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, झावळ्या जाळून केलेली असते. तिथपासून ईस्टरपर्यंत, यंदा ५ एप्रिलपर्यंत, हा काळ चालतो. दिवस मोजले तर सेहेचाळीस भरतात, पण मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून चाळीस. उपवास, प्रार्थना आणि दानधर्म ही त्याची तीन अंगं. नियम बहुतेकांना वाटतो तितका कडक नाही. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी उपास बंधनकारक, तोही अठरा वर्षं पूर्ण झाल्यापासून एकोणसाठ पूर्ण होईपर्यंत. एक वेळ पोटभर जेवायचं आणि बाकी दोन वेळा मिळून एका जेवणाइतकं होणार नाही एवढंच थोडं खायचं. शुक्रवारी मांस वर्ज्य, ते चौदा वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना. मासे, अंडी, दूध चालतं. आजारी माणसाला सूट आहे.

म्हणजे ताई, तुम्ही घरात जे जाहीर केलंत ते चर्चने सांगितलेलं नाही, ते तुमच्या माहेरचं आहे. माहेरचं आणू नये असं मी म्हणत नाही. पण धर्माची आज्ञा आणि आपल्या घरची रीत यातला फरक मुलाला सांगितला असतात, तर त्याने बंड नेमकं कशाविरुद्ध केलं हे त्यालाही कळलं असतं. चिकन रोल शुक्रवारी आला, सोळा वर्षांच्या मुलाकडून आला, ही चूक खरीच. तोच रोल मंगळवारी आला असता तर? घरात रडारड तेवढीच झाली असती, असं मला वाटतं.

आता वसईच्या त्या संध्याकाळकडे या. सातला सगळे माळेला बसायचे, कारण सातला सगळे घरी असायचे. वाडीतलं काम दिवस मावळला की संपायचं. शेजारच्या घरातूनही त्याच वेळी माळेचा आवाज यायचा. त्या घरात एकी होती ती भक्तीमुळे, हे कबूल, पण निम्मं श्रेय घड्याळाचं होतं. भांडुपला तुमच्या घरात पाच माणसं आणि पाच घड्याळं आहेत. नवऱ्याचं घड्याळ मध्य रेल्वेकडे, मुलाचं परीक्षा मंडळाकडे, सासूबाईंचं इन्सुलिनकडे. तुम्ही माहेरची भक्ती इथे आणायला निघालात आणि आणलीत ती माहेरची वेळ. ती इथे बसायची नाहीच.

आणखी एक, हळूच विचारते. माहेरी सगळे माळेला बसायचे तेव्हा चुलीपाशी कोण असायचं? तुमच्या आई? मग त्या माळेला कधी बसायच्या? तुमच्या पत्रात हाच प्रश्न लपलेला आहे. तुम्ही लिहिता, "शुक्रवारी सासूबाईंचं अळणी आणि बिनसाखरेचं, मुलाला ऑम्लेट, मिस्टरांना मासे तळून, मुलीला काहीतरी गोड, आणि माझं एकवेळचं." हा एका घरातला एक उपास झाला की चार घरांचा स्वयंपाक? आपल्याकडे 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणतात ते खाणाऱ्याला उद्देशून. रांधणारीचं काम किती पट होतं, त्याची म्हण कुणी केली नाही. आणि मिस्टरांचे मासे म्हणजे बहुधा पापलेट किंवा सुरमई असणार. नियमाने मासळीला मनाई नाही, पण मटण सोडून पापलेट आणायचं म्हणजे त्याग कमी आणि बिल जास्त.

तुमच्या पत्रातली दुसरी एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, मला मात्र ती सहज वाटली नाही. "शुक्रवारी क्रूसाच्या वाटेला वेळेवर पोचायचं म्हणून मी आमच्या मावशींना पहाटे सहाला बोलावते." (क्रूसाची वाट म्हणजे येशूच्या क्रूसाकडच्या प्रवासातल्या चौदा प्रसंगांची चर्चमधली प्रार्थना.) या मावशी भांडुपच्या डोंगरावरच्या वस्तीतून चालत येतात, असंही तुम्हीच लिहिलंय. त्यांच्याकडे पाणी किती वाजता येतं, हे कधी विचारलंत का? अशा वस्त्यांत पुष्कळ ठिकाणी पहाटेच पाणी येतं, आणि त्या तासाभरात हंडे भरले नाहीत तर दिवसभराचा खोळंबा. राखेच्या बुधवारनंतरच्या पहिल्या शुक्रवारी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, बायबलमधल्या यशया या पुस्तकाचा ५८वा अध्याय वाचतात. म्हणजे ज्या दिवशी तुमच्या दारात रोल आला त्याच दिवशी. त्यात लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला तरी तू बघत का नाहीस? उत्तर मिळतं, कारण उपासाच्या दिवशीही तुम्ही आपल्याच सोयीचं बघता, आपल्या कामकऱ्यांना राबवता, आणि तुमचा उपास भांडणात संपतो. पुढे सांगितलं आहे की मला हवा असलेला उपास म्हणजे जोखडाची बंधनं सोडणं आणि आपली भाकरी भुकेल्याबरोबर वाटून खाणं. तुम्हाला टोचावं म्हणून हे काढलं नाही. पण तुमच्या घरचा शुक्रवार कुणीतरी अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवल्यासारखा वाटतो खरा.

म्हणून माझा पहिला सल्ला माळेबद्दल नाही. मावशींना शुक्रवारी सुट्टी द्या, भरपगारी. क्रूसाच्या वाटेच्या दिवशी भांडी घरच्यांनी घासावीत. दान डब्यात टाकण्याआधी ते इथून सुरू होऊ दे.

आता सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, तुम्ही हरणार. त्या एकोणसाठीच्या केव्हाच पुढे गेल्या आहेत आणि वर आजारी आहेत, म्हणजे त्यांच्यावर उपासाचं बंधन नाही. पण हे सुनेने सांगून पटत नसतं. धर्मगुरूंना घरी चहाला बोलवा आणि त्यांच्या तोंडून ते येऊ द्या. त्याआधी डॉक्टरांना गाठा. इन्सुलिन घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर एकदम उतरते. दरदरून घाम, हातपाय थरथरणं, बोलण्यात गोंधळ, ही लक्षणं दिसली की उपास तिथेच मोडायचा, तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजायची आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. हे मुलांनाही दाखवून ठेवा, कारण तुम्ही कामावर असताना घरात तीच असतात. आणि इन्सुलिनचा डोस आपल्या मनाने कमी करणं किंवा टाळणं हा उपाय नव्हे. आपण घराला ओझं झालो, या वयात देवाला द्यायला आपल्याकडे काही उरलं नाही, असं वाटून कितीतरी म्हातारी माणसं उपासाचा हट्ट धरतात. तुमच्या सासूबाईंचं तसं आहे का, ते तुम्ही पाहा. असेल तर त्यांना काम द्या. माळ त्यांनी सांगावी, डब्याचा हिशेब त्यांनी ठेवावा. रात्रीची मालिका सोडायला त्या तयार असतील तर तो त्याग साबुदाण्याच्या पाचशे उपासांना भारी आहे. (मी काही मालिकांच्या विरुद्ध नाही. पण घरातल्या आवाजापैकी किती आवाज टीव्हीचा, हे एक आठवडा तो बंद ठेवल्याशिवाय कळत नाही.)

मुलाबद्दल सांगायचं तर त्याच्या 'नाटक' या शब्दाने तुम्हाला लागलं. पण राखेच्या बुधवारचं शुभवर्तमान काढून बघा, मत्तयचा सहावा अध्याय. लोकांना दिसावं म्हणून दान करू नका, डाव्या हाताला उजव्याचं कळू देऊ नका. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून प्रार्थना करू नका. उपास कराल तेव्हा चेहरा पाडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. म्हणजे देखाव्याचा राग येशूला तुमच्या मुलाहून जास्त होता. मुलाला हा अध्याय वाचायला द्या आणि म्हणा, तू म्हणतोस ते इथे लिहिलंय, आता सांग, नाटक नसलेला उपास कसा असतो? उत्तर त्याला शोधू द्या. तुम्ही लिहिलंय की गेल्या वर्षी त्याच्या वडिलांनी वृद्धाश्रमात वाटलेल्या फळांचे फोटो सगळ्या ग्रुपवर टाकले आणि मुलगा हसला. हसला त्यात त्याचं काय चुकलं, मला तरी दिसत नाही. ते फोटो कुणाचे होते, त्या आजीआजोबांना विचारलं होतं का, हा प्रश्न घरात कुणीतरी विचारायला हवा होता.

मात्र त्याची परीक्षा संपेपर्यंत त्याच्यामागे लागू नका. भुकेल्या पोटी भूमितीचा पेपर लिहिण्यात पुण्य नाही आणि नियमाने त्याच्यावर उपासाचं बंधनही नाही. शुक्रवारी मांस नको, एवढं मात्र ठामपणे सांगा, आणि कारणासकट सांगा. पेपर संपले की त्याच्याकडे वेळच वेळ असेल. खालच्या मजल्यावरच्या एखाद्या पोराला गणित शिकवणं हेही दानच, आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही.

मुलीने चॉकलेट सोडलं आणि तिसऱ्या दिवशी खाल्लं म्हणून ती रडली, असं लिहिलंत. तिला जवळ घ्या आणि चौथ्या दिवशी पुन्हा सोडू दे, बस.

नवऱ्यावर मात्र तुम्ही थोडा अन्याय करताय. "गाडीत माळ झाली" हे तुम्हाला पळवाट वाटतं. पाच दशकांची, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच गटांची, माळ साधारण वीस मिनिटांत होते, भांडुप ते दादर स्लो गाडीला त्याहून थोडा जास्तच वेळ लागतो. लोकलमध्ये डबाभर लोक टाळ-झांजा घेऊन भजन म्हणतात ते आपण खरं मानतो, मग खिशात हात घालून दहा मण्यांच्या अंगठीवर कुणी नमो मरिया म्हणत असेल तर ते का खोटं? विश्वास ठेवा. त्यांच्याकडे मागायचं ते दुसरंच काहीतरी आहे. पापलेट बंद करायला सांगा, आणि शुक्रवारी रात्री जेवण वाढायची वेळ आली की उठून स्वतः वाढून घ्यायला सांगा. दिवसभर दमून आलेल्या माणसाला हे सांगणं बरं नव्हे, असं तुमच्या मनात येईल. तुम्हीही दमलेल्याच असता.

मग एकत्र असं काय राहिलं? मी तुमच्या जागी असते तर दोनच गोष्टी एकत्र ठेवल्या असत्या. शुक्रवारी पाचही जणांना एकच जेवण. मुगाची खिचडी, कढी, भाजलेला पापड, किंवा नुसती पेज आणि एखादी भाजी. सासूबाईंचं प्रमाण डॉक्टरांना विचारून, पण पातेलं एकच. डाळ-तांदूळ सासूबाईंनी निवडावेत, कुकर पेपर संपल्यावर मुलाने लावावा. सोळाव्या वर्षी कुकरच्या तीन शिट्ट्या मोजता येतात. दुसरी गोष्ट रविवारी संध्याकाळी, जेव्हा सगळे घरी असतात. पाच दशकं नकोत, एकच दशक, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. आणि रविवार उपासात मोजत नाहीत, तेव्हा त्या दिवशी पोराला चिकन करून घाला की, मन मोठं करून. बाकी आठवडाभर ज्याने त्याने आपलं एक काहीतरी धरावं आणि ते काय धरलंय, हे दुसऱ्याने विचारू नये. तुम्ही स्वतः चाळीस दिवस मांसाहार सोडणार असाल तर खुशाल सोडा, पण ताटावर बसून त्याची आठवण करून देऊ नका.

डब्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पुष्कळ घरांत गाडी इथेच अडते. वाचलेले पैसे महिनाअखेरी काढून ठेवू म्हटलं की ते वाचतच नाहीत, गॅसच्या बिलात विरून जातात. ज्या दिवशी मटण आणलं नाही त्याच दिवशी, त्या दिवसाच्या भावाने, नोटा डब्यात पडल्या पाहिजेत. ऑनलाइन पैसे देणाऱ्यांनी वेगळ्या खात्यात वळवावेत. समजा आठवड्याला सातशे वाचले, तर ईस्टरपर्यंत साडेचार हजारांच्या आसपास होतात. रक्कम मोठी नाही, पण कुणाचा तरी महिन्याचा किराणा किंवा औषधं त्यात येतात. कुठे द्यायचे, ते रविवारी सगळ्यांनी मिळून ठरवा, मुलीलाही मत असू दे. तुमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या हद्दीत, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं काम असेल तर त्यांना आसपासची गरजू घरं माहीत असतात. किंवा एका शनिवारी सगळे मिळून परळला जा. टाटा हॉस्पिटलच्या आसपास फुटपाथवर पथारी टाकून राहिलेली रुग्णांची घरं दिसतील, बिहार-बंगालपासून आलेली. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा अशाच रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. तिथे काय लागतं ते आधी विचारा, मग द्या. केळ्यांचे घड घेऊन जाणारे पुष्कळ असतात, पण रात्रीच्या औषधाचे पैसे कमी पडतात ते कुणाला दिसत नाही. आणि मुलाला एवढंच बजावून सांगा, फोन खिशातच राहील.

अशीच पत्रं इतरांचीही येतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. नवरा-बायकोत एकजण ख्रिस्ती आणि एकजण हिंदू असेल तर उपवासकाळ 'तुझा' आणि चतुर्थी 'माझी' अशी वाटणी करू नका. स्वयंपाक तरी एक असू द्या. ज्याचा उपास नाही त्याने त्या दिवशी ओटा सांभाळावा, दोघांच्या बाबतीत हाच नियम. यंदा रमजानही राखेच्या बुधवाराच्याच आठवड्यात सुरू झाला. शेजारी रोजे असतील तर मुलांना सांगायला बाहेर उदाहरण शोधायची गरज नाही, जिन्यातच आहे. आणि जे या शहरात खोली घेऊन किंवा पेइंग गेस्ट म्हणून एकटे राहतात, त्यांना एकच सुचवेन. शुक्रवारची क्रूसाची वाट मोबाइलवर बघू नका, चर्चमध्ये जाऊन चौदाही ठिकाणी इतरांबरोबर गुडघे टेका. एकट्याने उपास जमतो, पण एकट्याने महिना-दीड महिना तो टिकवणं फार जड जातं.

ताई, या रविवारी सगळ्यांना बसवून आधी ते माहेरचं जाहीरनाम्यासारखं वेळापत्रक मागे घ्या. हसत घ्या. मग शुक्रवारचं एक पातेलं आणि रविवारचं एक दशक, एवढंच समोर ठेवा. नवऱ्याला एक गोष्ट मात्र आत्ताच करायला लावा. गुड फ्रायडेची, ३ एप्रिलची, सुट्टी त्यांना मिळेल, पण आदल्या गुरुवारी संध्याकाळी पाय धुण्याचा विधी असतो आणि त्या दिवशी ऑफिस चालू. २ एप्रिलच्या अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज याच आठवड्यात टाकायला सांगा, मार्चअखेरच्या कामात नंतर साहेब सोडणार नाहीत. तोवर मुलाचे पेपरही संपलेले असतील, आणि भांडुपहून पाचही जणांना चर्चला नेणारी रिक्षा मिळत नाही, तेव्हा दोन रिक्षांचे पैसे डब्यातून नव्हे, पाकिटातून काढा.